राख टाकायची राहिली

पेइप्सी तळं अजून दगड होऊन पडलेलं,
आणि फेव्रोनिया मागच्या पायरीवरून
बादलीसकट खाली आली.
पडली म्हणजे बसली.
बर्फावर, एकदाच, जोरात.
बादली घरंगळत कुंपणापर्यंत गेली.
ती म्हणाली, "बादली धर."

मी बादली धरली.

पायरीवर राख टाकायचं काम माझं,
चाळीस हिवाळे माझंच.
त्या सकाळी चुलीतली राख चुलीतच होती.

पहिले दोन दिवस, ज्यानं पाडलं
तोच बर्फ फडक्यात बांधून लावायचा.
दहा मिनिटं धरायचा, काढायचा,
तासाभरानं पुन्हा.
ती पालथी, तोंड भिंतीकडे.
एवढ्या वर्षांत तिची पाठ मी
अशी खिडकीच्या उजेडात पाहिली नव्हती.
खाली ब्लूबेरी चिरडल्यासारखा डाग.
मी डागाशी बोलायचो,
ती भिंतीशी.

कालास्तेहून नर्स आली. दाबून पाहिलं.
मोडलेलं वाटत नाही म्हणाली, पण आठवडे खाईल.
पाय बधिर झाले, लघवी अडली,
तर रात्र असो, फोन करा.

मग गाव आलं.
उस्तिन्यानं भाजलेला कांदा आणला.
आमच्याकडे डोकं दुखलं तरी कांदा,
प्रेम जडलं तरी कांदा.
रात्रभर पोटीस बांधलं;
दुखणं होतं तिथंच,
अंथरुणाला मात्र सूपाचा वास.
अर्तेमीची हंसाची चरबी
अर्तेमीपेक्षा जुनी निघाली.
जाड मीठ तव्यावर तापवून
लोकरी मोज्यात भरलं, तो शेक तेवढा लागला.
"मोजा कुणाचा?"
"माझा."
"धुतलेला?"
मी मीठ हलवत राहिलो.

शनिवारी सौना.
खालच्या फळीवर, कुशीवर,
गुडघ्यांमध्ये गुंडाळलेला टॉवेल.
बर्चची डहाळी पोटऱ्यांवर, खांद्यांवर,
तिथं नाही.
तिथं नुसती वाफ.

नात ग्लाफिरा पुस्तकात बोट घालून वाचायची:
माकडहाड म्हणजे जुन्या शेपटीचं उरलेलं टोक.
साव्वाती आजोबा, प्रार्थनाघरात पोथी वाचणारे,
चहाचा पेला ठेवून उठलेच.
"आपल्या वंशात कुणाला शेपूट नव्हती!"
फेव्रोनिया उशीत म्हणाली,
"नसेल.
आत्ता मात्र कुणीतरी त्यावर पाय दिलाय."
हसली, आणि हसणं तिथंच जाऊन लागलं.

आम्ही उभ्यानं प्रार्थना करणारी माणसं.
ती चार तास उभी राहिली,
जमिनीला कपाळ टेकवलं, उठली.
देवापुढे सगळं जमलं,
जेवणाच्या बाकावर नाही.

स्कूटरची ट्यूब फुगवून दिली.
"डुगडुगते," म्हणाली, "मी काय बदक आहे?"
मग फोमचा जाड तुकडा घेतला,
मागच्या बाजूनं चौकोन कापला,
हाड हवेत राहील असा.
पहिला वाकडा गेला. दुसरा बरा.
त्यावर ती पुढं झुकून बसली,
कोपरं टेबलावर.
झुकल्यामुळे तिचा चेहरा
माझ्या बशीच्या इतका जवळ आला
की मला खाताना लाज वाटली.
भुवईत एक पांढरा केस आहे तिच्या.
कधीपासून, कोण जाणे.

तेव्हा तरी सांगायचं होतं राखेचं.
मी मीठ मागितलं.

मे महिन्यात वाफे उंच केले.
ती पोत्यावर गुडघे टेकून,
कधी सरळ कुशीवर आडवी होऊन
कांदे लावत होती,
मातीत पोहल्यासारखी.
तळं हललं, बर्फ कधीच गेला होता.
संध्याकाळी मी चूल उपसली
आणि कोरड्या, उन्हानं तापलेल्या पायरीवर
राख टाकली. सगळी.
कडेपर्यंत.

ती वाफ्यातून पाहत होती.
उठली, हात कमरेवर ठेवून, हळूहळू.
केरसुणी घेतली,
राख सुपलीत भरली,
एक कणही न बोलता.
मग वाफ्यांवर भुरभुरवताना म्हणाली,
"कांद्याला चांगली असते."